एन-९५ कुठला घ्यावा : ठाण्यातलं सर्जिकलचं दुकान, चार प्रकारचे मास्क आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांशी झालेला वाद

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांनी एवढंच वाचा आणि कामाला लागा. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा, पुढे व्हॉल्व नसलेला, होडीच्या आकाराचा एन-९५ घ्या, आधी एकच पीस घेऊन तोंडावर बसतो का बघा आणि मगच बॉक्स घ्या. पाचपैकी साडेचार. कानात अडकवायचा केएन-९५ अडीच, निळा थ्री-प्लाय तीन, कापडी एक. दुकानाला साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईलच. आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर, कारण मास्कचा रिव्ह्यू म्हंजे मिक्सरचा रिव्ह्यू नाही, मिक्सर घेतला म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर कोणी भांडायला येत नाही, मास्क घेतला की येतात.

आमच्याकडे गरज अशी की सासऱ्यांना, म्हंजे अप्पांना, सीओपीडी आहे, म्हंजे फुप्फुसांचा जुनाट, दम लागणारा आजार. पावसाळा संपता संपता साध्या सर्दीवरून गाडी थेट ॲडमिट होण्यापर्यंत गेली आणि घरी सोडताना छातीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की घरात ज्याला सर्दी-खोकला होईल त्याने यांच्यासमोर मास्क लावायचा, आणि यांना गर्दीत न्यायचं झालं तर यांनाही लावायचा. आता घरात सर्दी आणायचं खातं माझ्याकडेच आहे. रोज ठाणे ते ऐरोली ट्रान्स-हार्बर, लेडीज डब्यात सकाळी कुणाचा श्वास कुणाचा हे कळत नाही अशी अवस्था, वर ऑफिसात सेंट्रल एसी, खिडकी नावाला पण उघडत नाही, आणि आमच्या टीममध्ये कोण ना कोण कायम शिंकत असतंच, वर सुट्टी टाकायची नाही कारण क्लायंट कॉल. त्यामुळे मास्क घ्यायचा हे ठरलेलंच होतं, कुठला घ्यायचा एवढाच प्रश्न होता.

नवऱ्याने आधी ऑनलाइन मागवले. कुठल्या ॲपवरून ते सोडा. 'फाइव्ह लेयर एन-९५' असं लिहिलेलं, काळे, दिसायला एकदम झकास, कानात अडकवायचे, रिव्ह्यूत चार हजार लोकांनी तारे दिलेले. आले तेव्हा पाकिटावर भारतातला कुठलाच मानक क्रमांक नाही, कंपनीचा पत्ता नाही, मास्कवर नुसतं एन-९५ असं छापलेलं आणि तेही नखाने खरवडलं की निघतंय. मी एक घेतला आणि कात्रीने आडवा कापला. थर मोजायला पाच होते खरे, पण चार तर बाजारात सामानाला मिळते तसल्या पिशवीच्या कापडाचे, आणि मधे जो पांढरा, मऊ, जाडसर थर लागतो तो एवढा विरळ की उजेडात धरला तर पलीकडची ट्यूबलाइट दिसत होती. परत करायला गेलो तर म्हणे हायजिन प्रॉडक्ट आहे, पाकीट फोडलं की रिटर्न नाही. आता पाकीट फोडल्याशिवाय खोटं आहे हे कळणार कसं ते त्यांनीच सांगावं.

तो मधला थर म्हंजेच खरा मास्क, बाकीचे थर त्याला सांभाळायला. मेल्टब्लोन म्हणतात त्याला, पॉलिप्रॉपिलीन वितळवून गरम हवेच्या झोताने केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू काढतात आणि वर त्याला स्थिर विजेचा चार्ज देतात. हा चार्ज देऊन गाळणी चांगली करायची युक्ती पीटर त्साई नावाच्या तैवानमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात काम केलेल्या संशोधकाची. चार्ज असल्यामुळे कण नुसता अडकत नाही, ओढला जातो, म्हणून एवढ्या पातळ थरातून श्वास पण घेता येतो आणि गाळलं पण जातं. आणि म्हणूनच एन-९५ साबणाने धुवायचा नाही, सॅनिटायझर तर अजिबात फवारायचा नाही, चार्ज गेला की उरलं नुसतं कापड. आमच्या शेजारच्या काकू अजून दर रविवारी धुवून दोरीवर वाळत घालतात, सांगून थकले.

तर मग मी दुकान गाठलं. ठाणे वेस्टला, स्टेशनवरून गोखले रोडला लागलं की आतल्या एका गल्लीत आहे, खाली अर्धं शटर, बाहेर व्हीलचेअर आणि कमोडची खुर्ची लावलेली. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की खाली कॉमेंट येणार किती पैसे मिळाले म्हणून. मालक साठीचे असतील, हाताखाली एक मुलगा. मी म्हटलं एन-९५ द्या, तर त्यांनी लगेच बॉक्स नाही काढला, विचारलं, "कोणासाठी ताई? धुळीसाठी, का पेशंट आहे घरात?" सांगितलं सगळं. मग म्हणाले, "खपतो कानाचाच. पण पेशंटसाठी असेल तर डोक्याचा न्या. केसांची जरा पंचाईत होईल, पण तोच न्या."

मग त्यांनी जे केलं ते मला कुठल्याच मेडिकलमध्ये कोणी करून दाखवलं नव्हतं. काउंटरखालून छोटा आरसा काढला, एक कानाचा आणि एक डोक्याचा असे दोन सुटे पीस ठेवले, म्हणाले लावून बघा, पीसचे पैसे द्यावे लागतील पण बॉक्सचे वाचतील. कानाचा लावला. "आता चष्मा घाला आणि जोरात श्वास सोडा." चष्म्यावर लगेच वाफ. "म्हंजे तुमची हवा नाकाशेजारून जातेय, गाळून नाही. जशी जातेय तशी येतेय पण." मग डोक्याचा. खालचा पट्टा मानेवर, वरचा डोक्याच्या मागे उंचावर, आणि नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबायची नाही, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नाकाच्या शेंड्यापासून गालाकडे दाबत न्यायची, चिमटीत दाबली की मधे कोन होतो आणि दोन बाजूंना फटी राहतात. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून श्वास सोडायचा आणि कडेने कुठे हवा लागते का बघायचं. डाव्या डोळ्याखाली जरा लागत होती, पट्टी परत दाबली, थांबली. चष्मा स्वच्छ. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं लागली असतील पण चार वर्षांत मास्कबद्दल जेवढं वाचलं होतं त्यापेक्षा जास्त त्यात कळलं.

शिक्का कसा बघायचा तेही त्यांनीच दाखवलं. आपल्याकडे धूळ-कण गाळणाऱ्या मास्कसाठी आयएस ९४७३ हे मानक आहे, त्यात एफएफपी १, २, ३ असे वर्ग, त्यातला एफएफपी २ म्हंजे साधारण एन-९५ च्या तोडीचा. आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल करून लायसन्स नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. मी दुकानातच उभं राहून टाकला, आलं. एन-९५ हे मूळ अमेरिकेतलं, तिथली नायोश नावाची संस्था मान्यता देते, आणि त्यांच्या मान्यतेच्या मास्कांना कानाचे दोरे नसतात, डोक्याचे पट्टेच असतात. म्हणून कानात अडकवायच्या मास्कवर कोणी नायोश अप्रूव्हड छापलं असेल तर हसायचं आणि पुढे जायचं. केएन-९५ हे चीनचं मानक, ते कानाचे चालतात, पण माझ्या चेहऱ्याला कुठलाच नीट बसला नाही, गालावर फट राहतेच, मागे हूक लावला की जरा बरं. म्हणून अडीच.

व्हॉल्वचं पण सांगून टाकते. पुढे ते प्लॅस्टिकचं बटण असतं ना, त्याने बरं वाटतं, कारण आपला उच्छ्वास सरळ बाहेर पडतो. पण न गाळता पडतो, म्हंजे सर्दी मला असेल तर ती अप्पांना थेट घरपोच. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून व्हॉल्ववाल्यांबद्दल सावध केलं होतं ते याच कारणाने. तरी अजून सर्रास मिळतात आणि लोक जास्त पैसे देऊन घेतात, बटण आहे म्हंजे भारी असणार.

निळा थ्री-प्लाय, म्हंजेच सर्जिकल मास्क, तीन तारे कारण तो ज्याला सर्दी आहे त्याने लावायला ठीक आहे, स्वस्त आहे, मुलं पण कुरकुर न करता लावतात. स्वतःला वाचवायला फार भरवशाचा नाही, गालाशी दोन्हीकडे नुसत्या खिडक्या. कापडीला एक तारा तेवढाच, कारण साडीला मॅचिंग मिळतो. गंमत सोडा, व्हिएतनाममधल्या हॉस्पिटलांत कर्मचाऱ्यांवर झालेली एक चाचणी २०१५ मध्ये छापून आली होती त्यात कापडी मास्कवाल्यांना फ्लूसारखे आजार सर्जिकलवाल्यांपेक्षा जास्त झाले होते. तरी २०२० मध्ये आपण सगळे कापडीच लावून फिरत होतो, कारण दुसरं मिळत नव्हतं आणि मिळत होतं ते काळ्या बाजारात. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने भाव बांधून दिले, एन-९५ १९ ते ४९ रुपये आणि थ्री-प्लाय ४ रुपये, तेव्हा कुठे जरा ताळ्यावर आलं.

आता काका.

चौथ्या मजल्यावरचे काका अप्पांचे संध्याकाळच्या चहाचे दोस्त. डॉक्टरांनी सांगितल्यावर मी दाराशी थ्री-प्लायचा बॉक्स ठेवला आणि खोकला असेल त्याने एक लावून आत या अशी चिठ्ठी लावली, तर काकांना तो जवळजवळ अपमान वाटला. त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज. कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून आढावे काढणारी संस्था) सिद्ध केलंय की मास्कचा शून्य उपयोग, व्हायरस मास्कच्या भोकांपेक्षा लहान असतो, आणि मास्कने ऑक्सिजन कमी होतो. खाली सतरा जणांचे अंगठे, मग कोणीतरी डॉक्टर मुलीचा दाखला दिला, मग पार्किंगचं जुनं भांडण निघालं, ते जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी काका चहाला आले तेव्हा मी म्हटलं, काका बसा, एकेक घेऊ. भोकांचं आधी, कारण ते सगळ्यात सोपं. कोरोनाचा विषाणू ०.१ मायक्रॉनच्या आसपास असतो हे खरंय. पण तो सुटा सुटा उडत येत नाही, बोलताना-खोकताना जे थेंब आणि बारीक तुषार निघतात त्यात बसून येतो. आणि फिल्टर म्हंजे पिठाची चाळण नाही, की मोठं अडलं नि लहान गेलं. मोठा कण वेगात सरळ येऊन तंतूवर आदळतो, अगदी बारीक कण हवेत सैरावैरा हलत राहतो म्हणून तोही कुठेतरी जाऊन चिकटतो, आणि पकडायला सगळ्यात अवघड तो मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. म्हणून एन-९५ ची परीक्षा ०.३ वरच घेतात आणि तिथे निदान ९५ टक्के अडवावे लागतात. म्हंजे नुसता लहान आहे म्हणून कण आरपार जातो असं नाही. ऑक्सिजनचं म्हणाल तर वायूचे रेणू इतके लहान की त्यांना हा थर दिसत पण नाही. श्वासाला जोर लागतो हे मात्र खरं आणि त्याबद्दल पुढे लिहिलंय.

काका म्हणाले, "ते सगळं लॅबमध्ये गं. माणसांवर काय झालं ते सांग." आणि इथे त्यांचं बरोबर होतं, कारण वाद खरा तिथेच आहे.

डेन्मार्कची चाचणी घ्या, नोव्हेंबर २०२० मध्ये छापून आली. सहा हजारांच्या आसपास लोक, निम्म्यांना सर्जिकल मास्क देऊन लावायला सांगितलं, निम्म्यांना नाही. मास्कवाल्यांत १.८ टक्क्यांना लागण, दुसऱ्यांत २.१ टक्के, फरक इतका छोटा की योगायोगाने पण येऊ शकतो. काकांचा पॉइंट. पण त्यात मास्क सांगितल्याप्रमाणे नीट लावणारे किती, तर स्वतःच सांगितलं ४६ टक्क्यांनी. आणि मोजलं काय, तर लावणाऱ्याला स्वतःला किती फायदा झाला, त्याच्यामुळे दुसरा वाचला का हे त्या चाचणीत मोजलंच नव्हतं. आमच्या घरात तर प्रश्न नेमका तोच आहे, मी लावल्याने अप्पा वाचतात का.

मग बांगलादेश. हे मला जास्त जवळचं वाटतं कारण डेन्मार्कची माणसं आणि आपली माणसं यात फरक आहे, बांगलादेशचं गाव आणि आपलं गाव यात तितका नाही. ६०० गावं, ३ लाख ४० हजारांच्या घरात माणसं, काही गावांत मास्क फुकट वाटले, बाजारात-मशिदीत माणसं उभी करून आठवण करून दिली. नीट मास्क लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. आणि लक्षणं असलेला, रक्ततपासणीत पक्का झालेला कोविड सुमारे ९ टक्क्यांनी घटला, सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत ११ टक्क्यांच्या आसपास. कापडीचं ठामपणे काही सांगता आलं नाही. आणि साठीच्या पुढच्यांत सर्जिकलच्या गावांत घट ३५ टक्क्यांच्या आसपास. अप्पांनी इथे मान वर करून बघितलं, तोपर्यंत पेपर वाचत होते.

"नऊ टक्के?" काका. "नऊ टक्क्यांसाठी एवढा तमाशा केला होता?"

मी म्हटलं काका, त्या गावांत शंभरातल्या अठ्ठावन्न जणांनी मास्क लावलाच नव्हता. हे मार्क मास्कचे नाहीत, मास्क वाटून लोकांना लावायला सांगण्याचे आहेत. पण काका पण काही कमी नाहीत, ते लगेच म्हणाले की सरकारने काय केलं, वाटले आणि सांगितलेच ना, मग सरकारच्या हुकमाला मार्क नऊच. आणि यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं, कारण ते बरोबर आहे. मास्कची सक्ती किती चालते हा एक प्रश्न, आणि मास्क नीट लावला तर चालतो का हा दुसरा प्रश्न, आणि सगळ्या जगाने दोन्हींची भेळ करून तीन वर्षं भांडण घातलं.

कॉक्रेनचं तेच झालं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा आढावा आला, टॉम जेफरसन पहिले लेखक, हात धुण्यापासून मास्कपर्यंत सगळ्यावरच्या ७८ चाचण्या एकत्र केलेल्या, त्यातल्या बऱ्याच कोविडच्या आधीच्या, साध्या फ्लूच्या सीझनमधल्या. निष्कर्ष असा की लोकांत मास्क लावल्याने फ्लूसारख्या आजारात बहुधा फार फरक पडत नाही. त्यावरून जगभर बोंब झाली की मास्क चालत नाहीत हे सिद्ध झालं. तेव्हा १० मार्च २०२३ ला कॉक्रेनच्याच मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी निवेदन काढलं की असा अर्थ काढणं चूक आणि दिशाभूल करणारं आहे, आढाव्यातून मास्कचा प्रसार लोकांत केल्याने संसर्ग कमी होतो का याचं पक्कं उत्तर मिळालेलं नाही एवढंच. काकांच्या फॉरवर्डमध्ये जानेवारी होता, मार्च नव्हता. मी मार्च दाखवला तर म्हणाले दबाव आला असेल. आता याला काय करणार.

पण एक कबूल करायला हवं, काकांचा राग मास्कवर नाहीये, त्या काळावर आहे. आधी जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती निरोगी माणसाने लावायची गरज नाही, मग ५ जून २०२० ला म्हणाली गर्दीत लावा. मधल्या काळात मुंबई महापालिकेने ८ एप्रिललाच सक्ती करून टाकलेली. तलावपाळीला पहाटे एकटं चालणाऱ्याला पावती आणि हॉटेलात टेबलावर बसलं की मास्क खाली, म्हंजे व्हायरस काय वेटर येईपर्यंत थांबणार होता का. विषाणू हवेतून जातो हे मान्य करायला पण सगळ्यांनी किती वेळ लावला, तोवर आपण भाज्या धूत बसलो होतो. आणि १ एप्रिल २०२२ पासून, पाडव्याच्या तोंडावर, राज्यात सक्ती उठली तेव्हा लोकांनी मास्क असे फेकले की मास्कनेच त्यांना कोंडून ठेवलं होतं. यात मास्कच्या फिल्टरचा काय दोष?

आणि भांडण जुनंच आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा वू लिएन-तेह या डॉक्टरने कापूस आणि गॉजचा मास्क लावायला लावला, एका नामांकित फ्रेंच डॉक्टरने नाही लावला, पेशंट तपासायला गेला आणि काही दिवसांत प्लेगनेच गेला. १९१९ ला सॅन फ्रान्सिस्कोत तर मास्कविरोधी लीगच निघाली होती. अप्पांना हे आवडलं, ते म्हणाले म्हंजे आपल्या सोसायटीत लीग निघायला शंभर वर्षं उशीरच झाला.

आता गंमत ऐका. काका टीटीसी एमआयडीसीत केमिकल कंपनीत आयुष्यभर नोकरीला होते. चहा संपल्यावर त्यांनी टेबलावरचा माझा मास्क उचलला, उलटसुलट केला, नाकाची पट्टी वाकवून बघितली आणि म्हणाले, "हा बरा आहे. आमच्याकडे कार्ट्रिजवाला असायचा. दाढी वाढवून शिफ्टला आलं की सुपरवायझर परत पाठवायचा, सील बसत नाही म्हणून." मी नुसती बघत राहिले. मग स्वतःच अप्पांना म्हणाले दाढी करत जा रोज, आणि अप्पांच्या तोंडावर मास्क लावून दोन्ही तळव्यांनी अगदी दुकानदारासारखं चेक केलं, खालचा पट्टा कानाखाली सरकला होता तो मानेवर नेला. म्हंजे ज्या माणसाने ग्रुपवर शून्य उपयोग लिहिलं त्या माणसाला आमच्या सगळ्या बिल्डिंगमध्ये मास्क लावणं सगळ्यात जास्त येतं. मत बदललं का? अजिबात नाही. माझ्याकडून दोन पीस मात्र घेऊन गेले, घोडबंदर रोडला मुलाकडे जाताना मेट्रोच्या कामाची धूळ असते त्यासाठी. "धुळीसाठी हां, व्हायरससाठी नाही." ठीक आहे काका, मास्कला काय कळतंय.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ९५ हा आकडा आजारापासून ९५ टक्के बचाव असा नाहीये आणि तसं सांगून कोणी विकत असेल तर तो फसवतोय. तो मास्कच्या कापडाचा आकडा आहे, तोंडावर फट राहिली की तो आकडा गेला. आणि फट बुजवली, गर्दीच्या आणि बंद जागेत पूर्ण वेळ लावला, तर उपयोग होतो असं मला भौतिकशास्त्रावरून पटतं, आणि माणसांवरच्या चाचण्यांत दिसतो तो फायदा छोटा पण आहे. नॉर्वेत २०२३ च्या सुरुवातीला साडेचार हजारांवर लोकांना दोन आठवडे बाहेर सर्जिकल मास्क लावायला सांगून बघितलं, सर्दी-खोकल्याची लक्षणं झाल्याचं मास्कवाल्यांत ८.९ टक्के जणांनी सांगितलं, बाकीच्यांत १२.२ टक्के. हे लोकांनी स्वतः सांगितलेलं आहे, कोविडपुरता वेगळा फायदा त्यात दिसला नाही, ते पण सांगितलं पाहिजे. पण सीओपीडीच्या माणसाला कोविड काय, साधी सर्दी काय, दोन्हीने ॲडमिट व्हावं लागू शकतं.

श्वासाच्या जोराबद्दल म्हटलं होतं ते. अप्पांना चपटा, नाकासमोर घडी येणारा मास्क अजिबात झेपला नाही, आत ओढला की कापड नाकपुड्यांना चिकटायचं आणि ते घाबरून ओढून काढायचे. होडीच्या आकाराचा पुढे फुगून राहतो, तोंडासमोर जागा राहते, बोलता येतं, तो त्यांना जमला, पण तोही जास्त वेळ नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले दम लागत असेल तर जबरदस्ती करू नका, दवाखान्यात बसतो तेवढ्यापुरता यांना लावा, बाकी घरात आजूबाजूच्यांनी लावा. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेट एन-९५ चढवू नका. आणि पाच वर्षांपर्यंतच्या पोरांना तर नकोच, जागतिक आरोग्य संघटना पण त्यांना मास्कची गरज नाही असंच म्हणते.

माझा अनुभव म्हणाल तर लोकलमध्ये ऑक्टोबरच्या उकाड्यात हा मास्क म्हंजे शिक्षा आहे. ऐरोलीपर्यंत वरचा ओठ घामाने निथळतो, लिपस्टिकचं नाव काढू नका, आणि वरच्या पट्ट्यात अंबाड्याची पिन अडकली की स्टेशन येईपर्यंत सुटत नाही. लोक बघतात. एक बाई हळूच सरकून बसली, तिला वाटलं मलाच काहीतरी झालंय, तेवढी जागा मिळाली हा फायदाच धरा. ऑफिसात मी जेवताना आणि कॉलवर काढते, म्हंजे पूर्ण वेळ नाहीच, त्यामुळे तुमच्यावर किती उपयोग झाला विचाराल तर छातीठोक सांगता येणार नाही. अप्पा त्यानंतर ॲडमिट झाले नाहीत, पण त्यांनी इनहेलर पण नियमित घेतलाय आणि फ्लूची लस पण टोचून घेतलीय, श्रेय कुणाला द्यायचं.

खर्चाचं. एक पीस मला साठच्या आसपास पडला, बॉक्स घेतला तर थोडा कमी. रोज नवा परवडत नाही. मी पाच ठेवलेत, एकेक दिवस एकेक, घरी आलं की कागदाच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नाही, ओल धरते. पिशवीवर वार लिहिलाय. पट्टे सैल झाले, नाकाची पट्टी वाकून वाकून मोडली, ओला झाला किंवा श्वासाला नेहमीपेक्षा जास्त जोर लागायला लागला की फेकायचा, आणि फेकताना पट्टे कापून, नाहीतर कचऱ्यातून कावळे-कुत्री ओढत बसतात.

दुकानाचा अर्धा तारा का कापला, तर बिल मागितल्यावर मालकांचा चेहरा पडतो. देतात, पण आधी साध्या कागदावर आकडा लिहून द्यायचा प्रयत्न होतो. पक्कं बिल घ्या, मेडिक्लेमला लागलं तर उपयोगी. आणि लहान साइजचा स्टॉक नसतो, बारीक चेहऱ्याच्या बायकांना आधी फोन करून जावं लागतं. रविवारी बंद, दुपारी दीड ते चार जेवायला बंद, जीपे चालतं. दुकानात गर्दी असेल तर आरसा मागून घ्या, आपणहून काढत नाहीत.